जपानहून जुनी गाडी अमेरिकेत आणताना: तारीख, कागद, जहाज आणि नोंदणी

अमेरिकेबाहेर विकण्यासाठी बनवलेली गाडी सहसा अमेरिकेच्या सुरक्षा मानकांत बसत नाही, म्हणून ती आणता येत नाही. याला सर्वात मोठा अपवाद वयाचा आहे. बनून २५ वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला एनएचटीएसए या वाहतूक सुरक्षा संस्थेच्या मानकांतून सूट मिळते. धुराच्या नियमांतून ईपीए ही पर्यावरण संस्था त्याआधीच, २१ वर्षांनंतर, सूट देते, मात्र गाडी मूळ स्वरूपात, फेरफार न केलेली असावी लागते. त्यामुळे २५ वर्षे भरलेल्या गाडीचा ईपीएचा प्रश्न वयाने सुटलेला असतो, इंजिनाने मात्र अडू शकतो. आधीच्या मालकाने दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवले असेल, तर 'मूळ स्वरूप' ही अट मोडते. इंजिनाचा प्रकार कागदांशी जुळतो का, हे पैसे पाठवण्याआधीच पाहून घ्यावे.

२५ पेक्षा कमी वयाच्या गाडीचा नाद सोडलेला बरा. रजिस्टर्ड इम्पोर्टर, म्हणजे सरकारकडे नोंदलेल्या आयातदारामार्फत ती मानकांत बसवून घेण्याची वाट आहे, पण खर्च बहुधा गाडीच्या किमतीच्या वर जातो. १९९९ पासून 'शो ऑर डिस्प्ले' नावाची एक सवलतही आहे. तिच्यात साधारण ५०० पेक्षा कमी संख्येने बनलेल्या, ऐतिहासिक वा तांत्रिक महत्त्वाच्या गाड्याच बसतात आणि वर्षाला २,५०० मैलांचे बंधन येते.

वय मोजायचे कुठून?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. वय मॉडेल इयरवरून मोजत नाहीत, कॅलेंडरच्या वर्षावरूनही नाही. गाडी कारखान्यात बनली तो महिना धरला जातो. निसान स्कायलाइन जीटी-आर आर३४ जानेवारी १९९९ मध्ये आली आणि ऑगस्ट २००२ पर्यंत बनत राहिली. म्हणजे पहिल्या गाड्या जानेवारी २०२४ पासून आणता येऊ लागल्या, तर शेवटच्यांना ऑगस्ट २०२७ ची वाट पाहावी लागेल. मॉडेल तेच असले तरी दोन गाड्यांच्या पात्रतेत साडेतीन वर्षांचा फरक पडतो.

अडचण अशी की, जपानी बाजारासाठी बनलेल्या गाडीवर निर्मितीची तारीख लिहिलेली नसते. तिथल्या नोंदणीच्या कागदावर असतो तो पहिल्या नोंदणीचा महिना, आणि तोही बऱ्याचदा हेइसेई या जपानी कालगणनेत. हेइसेईच्या आकड्यात १९८८ मिळवले की इसवी सन येते: हेइसेई ११ म्हणजे १९९९, हेइसेई १३ म्हणजे २००१. हे गणित स्वतः करून पाहा. विक्रेत्याच्या जाहिरातीतले वर्ष कधी मॉडेलचे असते, कधी नोंदणीचे.

एनएचटीएसए वयाचा पुरावा म्हणून काय धरते ते लक्षात ठेवा: गाडीवरील निर्मात्याचे लेबल, गाडी पहिल्यांदा विकली गेल्याची तारीख दाखवणारे बिल, २५ वर्षांपूर्वी ती नोंदलेली होती हे सिद्ध करणारा नोंदणीचा कागद, नाहीतर मान्यताप्राप्त वाहन-इतिहास संस्थेचे निवेदन. पहिल्या नोंदणीला २५ वर्षे झाली असतील तर गाडी त्याहून आधीच बनलेली असणार, म्हणून नोंदणीचा कागद पुरतो. प्रश्न येतो तो निर्मितीला २५ वर्षे भरली आहेत पण नोंदणीला अजून भरायची आहेत, अशा वेळी. तिथे चॅसी नंबरवरून निर्मितीचा महिना सांगणारा ठोस दस्तऐवज हवा. सीटबेल्टच्या पट्टीवरचे लेबल, काचेच्या कोपऱ्यातील ठिपक्यांची खूण यांवरून अंदाज बांधता येतो, पण सुटा भाग कधीही बदललेला असू शकतो, म्हणून अधिकाऱ्यासमोर त्यावर भिस्त ठेवू नका. दस्तऐवज नसेल तर सरळ नोंदणीचा महिना उलटू द्यावा. बंदरात अडकलेल्या गाडीच्या भाड्यापेक्षा जपानमध्ये दोन महिने उभी ठेवण्याचे भाडे स्वस्त पडते.

चॅसी नंबर पाहताना आणखी एक गोष्ट. जपानी गाडीला व्हीआयएन, म्हणजे अमेरिकेत चालणारा १७ अंकाक्षरांचा ओळख क्रमांक, नसतो. मॉडेलचा कोड, मग डॅश, मग आकडे एवढाच तो नंबर असतो. आर३४ जीटी-आरचा 'बीएनआर३४' ने सुरू होतो. स्कायलाइनमध्ये तो बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर थेट ठोकलेला सापडतो. त्याचा जवळून घेतलेला फोटो मागवा आणि अक्षरांची खोली, ओळ, भोवतीचा रंग बघा. आजूबाजूला घासल्याच्या खुणा किंवा वेगळ्या छटेचा रंग दिसला तर त्या गाडीच्या वाटेला जाऊ नका. जुलै २०१४ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी देशभरातून ४० लँड रोव्हर डिफेंडर जप्त केल्या, आणि वाद गाड्यांच्या वयाचा व ओळखीचाच होता. गाडी बंदरातून सुटून घरी आली म्हणजे विषय संपला, असे समजू नका.

आधी राज्य, मग गाडी

केंद्राने गाडी आत सोडली तरी नंबरप्लेट राज्य देते, आणि प्रत्येक राज्याचे गणित वेगळे आहे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराची चाचणी माफ आहे. त्यानंतरच्या, अमेरिकेसाठी न बनलेल्या गाडीला मात्र परवानाधारक प्रयोगशाळेत कॅलिफोर्नियाच्या मानकापर्यंत आणावे लागते. यात हजारो डॉलर जातात आणि काम महिनोन्‌महिने चालते. केंद्राचा २५ वर्षांचा नियम इथे कामी येत नाही. केई ट्रक, म्हणजे ६६० सीसीचे सुझुकी कॅरी, होंडा ॲक्टी, दायहात्सू हायजेट यांसारखे छोटे मालवाहू, काही राज्ये रस्त्यावर येऊच देत नाहीत. मेन राज्याने त्यांची नोंदणी नाकारली, टेक्सासने २०२४ मध्ये धोरण बदलून ती सुरू केली. असे बदल दोन्ही दिशांनी होतात. म्हणून गाडी शोधण्याआधी आपल्या राज्याच्या मोटार वाहन विभागाला ईमेल करून नेमक्या मॉडेलबद्दल विचारा आणि आलेले उत्तर छापून ठेवा. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचे तोंडी उत्तर पुढच्या खेपेला दुसऱ्या खिडकीवर चालत नाही.

लिलावाचा कागद वाचताना

जपानमधील बहुतेक जुन्या गाड्या लिलावातून जातात. लिलावात बोली लावण्याचा हक्क सदस्य व्यापाऱ्यांनाच असतो, त्यामुळे परदेशी ग्राहक निर्यातदार एजंटमार्फत बोली लावतो. लिलावगृहाचा तपासनीस प्रत्येक गाडीचा एक पानी अहवाल लिहितो. त्यावर गाडीची वरून उलगडलेली आकृती असते आणि तिच्यावर जागोजागी अक्षर व आकडा. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीमुळे पत्र्याला राहिलेली लाट, एस म्हणजे गंज, सी म्हणजे पत्रा खाणारा गंज. एक्स म्हणजे भाग बदलायला झाला आहे, एक्सएक्स म्हणजे बदललेला आहे. अक्षरापुढचा आकडा जितका मोठा, तितके नुकसान जास्त. ए१ ही बारीक रेघ, यू३ हा ठळक पोचा.

एकूण श्रेणी वेगळी दिलेली असते. पंचवीस वर्षांच्या गाडीला ४ मिळाली तर ती छान म्हणायची, ३.५ वापरण्याजोगी. 'आर' म्हणजे अपघातानंतर सांगाड्याचा भाग दुरुस्त केलेली गाडी. आर दिसली की टाळावीच असे नाही. पुढचा एक आडवा पत्रा बदलला तरी आर लागते आणि चॅसी वाकून सरळ केली तरी आरच, म्हणून काय बदलले ते आकृतीवर शोधा. श्रेणी हे इंजिनाचे प्रमाणपत्र नव्हे. तपासनीस एका गाडीला मोजकी मिनिटे देतो. तो टर्बो उघडत नाही, कॉम्प्रेशन मोजत नाही, लांब चालवून गिअर घासतो का ते बघत नाही.

अहवालाच्या तळाशी तपासनीसाने हाताने लिहिलेल्या चार ओळी असतात, आणि सगळ्यात मोलाचे तेच असते: 'खालून गंज', 'तेल पाझरते', 'मीटर बदललेले'. एजंट पाठवतो त्या इंग्रजी सारांशात नेमक्या याच ओळी गाळलेल्या सापडतात. मूळ पानाची प्रत मागा आणि तिचा स्वतंत्र अनुवाद करून घ्या.

गंजाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण जुन्या गाडीत बाकी सगळे मिळते, पत्रा मिळत नाही. होक्काइदो आणि ईशान्येच्या तोहोकू भागात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवणारे क्षार टाकतात. गाडी कुठे वापरली गेली हे जुन्या नंबरप्लेटवरच्या गावाच्या नावावरून कळते: साप्पोरो, आओमोरी, अकिता अशी नावे दिसली की खालचे फोटो आल्याशिवाय पुढे जाऊ नका. फोटो लिफ्टवर घेतलेले हवेत, आणि त्यात पुढच्या सस्पेन्शनचे वरचे टोक जिथे बसते तो बुरूज, दारांखालची पेटीसारखी कड, मागच्या चाकांच्या कमानी आणि डिकीत स्पेअर चाकाखालचा तळ दिसायला हवा. काळा, ताजा, जाड लेप सगळीकडे सारखा चोपडलेला दिसला तर तो कशावर चोपडला आहे हे विचारा. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर खणखणीत आवाज येतो की बद्द, हे एजंटच्या माणसाला व्हिडिओवर दाखवायला सांगणे अवाजवी नाही.

कागदांची साखळी

गाडी जपानमधून निघताना तिची नोंदणी रद्द होऊन निर्यात प्रमाणपत्र मिळते. पुढे अमेरिकेत मालकी सिद्ध करणारा मूळ कागद हाच. तो निघाल्यावर सहा महिन्यांच्या आत गाडी देशाबाहेर जावी लागते. त्यामुळे महिना उलटण्याची वाट पाहत गाडी उभी ठेवायची असेल, तर एजंटने आधी साधी तात्पुरती रद्द नोंदणी करावी आणि निर्यात प्रमाणपत्र जहाजाच्या वेळेला काढावे. हे लवकर काढून बसलेल्यांची पुढे धावाधाव होते.

याच्या जोडीला विक्रीचे बिल, जहाज कंपनीचे बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर घेतल्याची पावती) आणि निर्यात प्रमाणपत्राचा इंग्रजी अनुवाद लागतो. चारही कागदांवर चॅसी नंबर डॅशसकट अगदी एकसारखा हवा. एका कागदावर शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' पडला की सगळे घोडे तिथेच अडते, आणि दुरुस्तीला जपानमधून नवा कागद यावा लागतो. ग्राहकाचे नावही ओळखपत्रावर आहे तसेच लिहून घ्या.

अमेरिकेच्या बाजूने कस्टम्स ब्रोकर, म्हणजे जकातीचे काम करून देणारा दलाल, नेमावा. स्वतः करता येते, पण पहिल्या गाडीला ब्रोकरची फी वाचवण्यात अर्थ नाही. त्याला ५२९१ क्रमांकाच्या फॉर्मवर मुखत्यारपत्र द्यावे लागते. गाडी २,५०० डॉलरच्या वरची असेल तर औपचारिक एंट्री (कस्टम्समधली नोंद) आणि बॉण्ड (जकात भरण्याची हमी) लागतो, तोही ब्रोकरच काढून देतो. कंटेनर जहाजावर चढण्याच्या किमान २४ तास आधी आयएसएफ ही सुरक्षा नोंद दाखल व्हावी लागते. उशीर झाला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आहे. ही तारीख चुकण्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: एजंट जहाज ठरवतो आणि ब्रोकरला कळवायचे राहून जाते. जहाज ठरताच दोघांना एकाच ईमेलमध्ये घ्या.

गाडी पोहोचल्यावर एनएचटीएसएच्या एचएस-७ फॉर्मवर पहिला रकाना भरला जातो, म्हणजे २५ वर्षांवरची गाडी. ईपीएच्या ३५२०-१ फॉर्मवर कोड 'ई'. मग ३४६१ वर गाडी सोडण्याची परवानगी आणि ७५०१ वर जकातीचा हिशेब. ७५०१ आणि एचएस-७ च्या शिक्क्यासह प्रती मागून घ्या. राज्यातील नोंदणीला त्या लागतातच, आणि पुढे गाडी विकायची झाली तर जाणता ग्राहक सर्वात आधी त्याच मागतो.

जकात

प्रवासी गाडीला मूळ दर २.५ टक्के, मालवाहू गाडीला २५ टक्के. हा दुसरा दर १९६४ पासूनचा आहे आणि केई ट्रकलाही लागतो. व्हॅनच्या बाबतीत ती माणसांची की मालाची हे मागच्या आसनांवरून, खिडक्यांवरून ठरते, म्हणून ब्रोकरला आतले फोटो आधीच पाठवा. अमेरिकेत जकात गाडीच्या किमतीवर लागते, समुद्री भाडे व विमा सोडून. एजंटने सगळे मिळून एकच रक्कम लिहिलेले बिल दिले तर भाड्यावरही जकात भरली जाण्याची शक्यता असते. तिन्ही आकडे वेगळे लिहून मागा.

२०,००० डॉलरच्या प्रवासी गाडीचा मूळ हिशेब असा: जकात ५०० डॉलर, ०.३४६४ टक्के प्रक्रिया शुल्क ६९.२८ डॉलर, ०.१२५ टक्के बंदर शुल्क २५ डॉलर. ४,००० डॉलरच्या केई ट्रकला एकट्या जकातीचेच १,००० डॉलर होतात. एप्रिल २०२५ पासून आयात गाड्यांवर २५ टक्क्यांची जादा जकात लागू झाली, तेव्हा किमान २५ वर्षे जुन्या गाड्यांना तिच्यातून वगळण्यात आले. पण ही वगळणूक आपोआप मिळत नाही, एंट्रीवर योग्य कोड टाकावा लागतो. त्या वर्षापासून दर वारंवार हलत आहेत. गाडी घेण्याआधी ब्रोकरकडून त्या दिवसाचा दर आणि कोड लेखी घ्या, आणि जहाज निघताना पुन्हा विचारा.

रो-रो की कंटेनर?

रो-रो जहाजात गाडी चालवत चढवतात आणि चालवत उतरवतात. भाडे कमी. पण गाडी स्वतः सुरू व्हायला, थांबायला आणि वळायला हवी, आत सुटे सामान चालत नाही, टाकीत पाव किंवा त्याहून कमी इंधन लागते. वाटेत अनेक ड्रायव्हरांचे हात तिला लागतात. खाली बसवलेल्या गाडीचा पुढचा बंपर रॅम्पच्या कोनावर घासतो. दुर्मीळ भाग असलेल्या, सुट्या चाकांसह येणाऱ्या किंवा बंद पडलेल्या गाडीला कंटेनरच बरा.

२० फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद असतो, दाराची उंची २.२८ मीटर. म्हणजे गाडी सहज मावते, पण आत नेल्यावर दार उघडून बाहेर पडायला ड्रायव्हरला कमी जागा उरते. दाराची कड भिंतीवर आपटून रंग उडतो तो इथेच. दाराला फोम लावायला सांगा. आत गाडी गिअरमध्ये, हॅन्डब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे तळाला खिळलेले, पट्टे ओढण्याच्या हुकांना किंवा चाकांना बांधलेले, बॅटरीची तार सुटी. पट्टा सस्पेन्शनच्या दांड्याला बांधला तर समुद्राच्या हेलकाव्यांनी दांडा वाकतो. दार बंद करण्याआधीचे फोटो आणि सीलचा नंबर मागवा.

विमा घेताना 'फक्त संपूर्ण नुकसान' आणि 'सर्व जोखीम' यांतला फरक पाहा. पहिल्यात गाडी पूर्ण गेली, जसे जहाज बुडाले, तरच पैसे मिळतात, तुटलेल्या आरशाचे नाही. विमा नसणे वेगळ्याच कारणाने महागात पडू शकते. जहाज संकटात सापडून ते वाचवण्यासाठी काही माल सोडावा किंवा खर्च सोसावा लागला, तर समुद्री कायद्याप्रमाणे तो भार सर्व मालधनी वाटून घेतात. तुमची गाडी सुखरूप असली तरी वाटा किंवा त्याची हमी दिल्याशिवाय ती मिळत नाही.

आणखी एक काम जपानमध्येच व्हायला हवे: खालून वाफेने धुणे. चाकांच्या कमानीत, सस्पेन्शनच्या कप्प्यांत परकी माती दिसली तर अमेरिकेचा कृषी विभाग गाडी अडवतो आणि तिथली धुलाई मालकाच्या खर्चाने होते. केई ट्रक शेतावरचेच असतात, त्यांच्या हौद्याखालच्या पट्ट्यांत वाळलेला चिखल हमखास निघतो.

बंदरातून घरी

जहाज येण्याआधी आगमनाची सूचना येते. त्याच दिवशी स्थानिक शुल्क भरून टाका, कारण बंदरात मोफत ठेवण्याचे दिवस मोजकेच असतात आणि त्यानंतर रोजचे भाडे चढत जाते. कस्टम्सने कंटेनर एक्स-रेला किंवा उघडून तपासायला काढला तर तो खर्चही आयातदाराचाच. रो-रो टर्मिनलमधून गाडी न्यायला टीडब्ल्यूआयसी हे सुरक्षा ओळखपत्र असलेला माणूस किंवा सोबत लागते, म्हणून बंदराच्या कामाची सवय असलेला वाहतूकदार ठरवा.

नोंदणीच्या खिडकीवर १७ अंकी व्हीआयएनचा प्रश्न येतो, संगणक कमी अंक स्वीकारत नाही. १७ अंकांची पद्धत १९८१ पासूनची असल्याने जुन्या अमेरिकी गाड्यांसाठी विभागाकडे लहान नंबरची वेगळी सोय असते. तीच वापरायला सांगावे. चॅसी नंबर प्रत्यक्ष पाहून द्यायचा तपासणी फॉर्म आधीच भरून नेला तर एक चक्कर वाचते.

गाडी रस्त्यावर काढण्याआधी पुढचे दिवे बदला. जपानमध्ये वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे दिव्याचा झोत डाव्या कडेला उचललेला असतो. अमेरिकेत तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, आणि पेच फिरवून खाली केला तर रस्ताच दिसत नाही. टायरवरचा चार अंकी कोड वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांचा टायर काढून टाकायचा. टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, ब्रेक ऑइल आणि कूलंट यांची तारीख कागदावर नसेल तर ते झालेले नाही असे धरून बदलून घ्या.

इंधनाचीही नीट माहिती हवी. जपानी टर्बो गाड्या तिथल्या सुमारे १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर लावलेल्या असतात. अमेरिकेत आकडा मोजण्याची पद्धत निराळी आहे. तिथले ९१ म्हणजे जपानी हिशेबाने साधारण ९५-९६, आणि ९३ म्हणजे ९८ च्या आसपास. ९३ मिळत असेल तर तेच भरा. जिथे ९१ च मिळते तिथे बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवलेले इंजिन ठोके देऊन पिस्टन फोडू शकते, म्हणून आधी बूस्ट मूळ पातळीवर आणा. शिवाय अमेरिकी पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात किंवा तडकतात. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, आणि पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर बदला, कारण इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवून पुढे ढकलते.